प्लंबिंग-गिझरचा स्वतःचा धंदा: ठाणे-नवी मुंबईत सुरुवात कशी करायची आणि गिऱ्हाईक कुठून आणायचं

ठेकेदाराकडे चार-पाच वर्षं काढलेली बरीच पोरं विचारतात की आता स्वतःचं सुरू करू का, आणि लगेच पुढचा प्रश्न असतो की गिऱ्हाईक कुठून आणू. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो, बाकीचं मागून. अख्खं ठाणं किंवा अख्खी नवी मुंबई पकडायला जाऊ नका. घरापासून स्कूटरवर दहा मिनिटांत पोचता येईल अशा पाच-सहा बिल्डिंगा निवडा आणि त्या बिल्डिंगांचे प्लंबर व्हा. कुठल्या विंगची लाइन कुठल्या डक्टमधून, म्हणजे पाइप उतरतात त्या उभ्या पोकळीतून उतरते, कुठला वॉल्व्ह बंद केला की कोणाचं पाणी जातं, टँकर कधीपासून सुरू होतो, हे सगळं ज्याला पाठ असतं त्याला काम शोधत फिरावं लागत नाही, लोक त्यालाच फोन करतात.

यामागे साधा हिशोब आहे. समजा घरखर्च, पेट्रोल, रिचार्ज, हत्यारांची झीज, विमा सगळं धरून महिन्याला ३०,००० रुपये सुटलेच पाहिजेत. २५ दिवस काम केलं तरी दिवसाचे सगळे तास पैसे देत नाहीत, गेटवर एंट्री करा, लिफ्टची वाट बघा, एका वायसरसाठी हार्डवेअरला जा, मग पुढच्या कामाला निघा आणि घोडबंदर रोडला ट्रॅफिकमध्ये अडका, असं करत हातात पाना असलेले तास चारच उरतात. म्हणजे महिन्याचे १०० तास, आणि तासाला ३०० रुपये नुसते घर चालवायला. तीच कामं एकाच कॉम्प्लेक्समध्ये असली तर चारचे सहा तास होतात, महिन्याचे १५०, आणि तोच आकडा २०० वर येतो. म्हणून कासारवडवलीत राहून घणसोलीला नळ बदलायला जाणं परवडत नाही, गिऱ्हाईक कितीही चांगलं असलं तरी.

आधी काम पक्कं करा

आयटीआयचा प्लंबर ट्रेड एक वर्षाचा आहे, ठाण्यात वागळे इस्टेटला सरकारी आयटीआय आहे. ज्यांनी आयटीआय केलं नाही पण वर्षानुवर्षं हेल्परकी करत हात बसलाय त्यांच्यासाठी आरपीएल असतं, म्हणजे आधीपासून येणाऱ्या कामाची परीक्षा घेऊन सर्टिफिकेट देतात. नळ बदलायला बोलावताना कोणी सर्टिफिकेट मागत नाही हे खरं, पण सोसायटीचं वर्षाचं काम घेताना किंवा बँकेत लोनला गेल्यावर तो कागद उपयोगी पडतो, तेव्हा काढून ठेवा.

पण मला विचाराल तर सगळ्यात जास्त जोर गरम पाण्याच्या कामावर द्या. गिझरचं काम अर्धं प्लंबरचं आणि अर्धं इलेक्ट्रिशियनचं, त्यामुळे दोघंही आपापलं अर्धं करून निघून जातात आणि गिऱ्हाईक मधल्यामध्ये लटकतं. ज्याला दोन्ही बाजू कळतात त्याला किंमत आहे. २ किलोवॅटचा गिझर साधारण ९ अँपिअर ओढतो आणि ३ किलोवॅटचा १३, म्हणजे १६ अँपिअरचाच प्लग पाहिजे, अर्थिंग पाहिजे आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच पाहिजे, एवढं बघून सांगता आलं पाहिजे. नवीन पॉइंट ओढायचा असला तर मात्र परवाना असलेल्या वायरमनला बोलवा, स्वतः तारांना हात लावू नका. एक चांगला वायरमन जोडीला असला की तो पण तुम्हाला कामं देतो.

आता जरा प्रेशरबद्दल, कारण आपल्याकडच्या टॉवरमध्ये निम्म्या तक्रारी इथून येतात. पाण्याची उंची दर १० मीटरला साधारण एक किलो प्रेशर देते. ३० मजली टॉवर, एक मजला ३ मीटर धरला तर गच्चीवरच्या टाकीतून तळाला ९ किलो प्रेशर येईल, आणि बहुतेक स्टोरेज गिझर ८ किलोपर्यंतचेच असतात. म्हणून मध्ये मध्ये डक्टमध्ये पीआरव्ही बसवलेले असतात, प्रेशर कमी करणारे वॉल्व्ह. हे पीआरव्ही कचरा अडकून किंवा आतलं रबर जाऊन बिघडतात आणि मग त्या पट्ट्यातल्या सगळ्या फ्लॅटना एकदम त्रास सुरू होतो, एकाकडे कनेक्शन पाइप फुटतो, दुसऱ्याकडे फ्लश टँक वाहत राहतो, तिसऱ्याकडे गिझरचा सेफ्टी वॉल्व्ह टपकतो. जो प्लंबर फक्त एकाच फ्लॅटला गेलाय तो वॉल्व्ह बदलून पैसे घेऊन येतो आणि आठ दिवसांनी परत तेच. तुम्ही त्या बिल्डिंगचे असाल तर तुम्हाला दिसेल की तिन्ही फ्लॅट एकाच लाइनवर आहेत, मग गेज लावा, आकडा सेक्रेटरीला दाखवा आणि पीआरव्हीचं काम सोसायटीकडून घ्या. प्रेशर गेज महाग नसतो, पिशवीत कायम ठेवा.

गिझरचा सेफ्टी वॉल्व्ह टपकतो ही तक्रार तर रोजची, तेव्हा ती कशी बघायची ते नीट सांगतो. गिझर चालू असताना थेंब थेंब येतं आणि बंद केल्यावर थांबतं, तर बहुतेक वेळा बिघाड नाही, पाणी तापलं की फुगतं आणि ते जादा पाणी वॉल्व्ह बाहेर टाकतो, तेच त्याचं काम आहे. गिऱ्हाईकाला हे समजावून सांगा, एक बारीक नळी लावून नाहणीत सोडा आणि पैसे फक्त व्हिजिटचे घ्या. गिझर बंद, पाणी थंड आणि तरी सतत टपकतंय तर आधी गेज लावून प्रेशर बघा. प्रेशर बरोबर असेल तर वॉल्व्ह गेलाय, बदला. पण कोणी कितीही म्हणालं तरी त्या वॉल्व्हचं तोंड प्लग लावून बंद करायचं नाही, तापमान सांभाळणारा थर्मोस्टॅट आणि जास्त तापलं की वीज तोडणारा कटआउट दोन्ही अडकले तर टाकी फुटते आणि बाथरूममध्ये माणूस असतो. असे बंद केलेले वॉल्व्ह बघायला मिळतात आणि बघून पोटात गोळा येतो.

बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या सोसायट्यांत, घोडबंदर पट्ट्यात उन्हाळ्यात बऱ्याच असतात, गिझरच्या एलिमेंटवर क्षारांचा पांढरा थर बसतो. पाणी तापायला वेळ लागतो, आतून कडकड आवाज येतो आणि शेवटी एलिमेंट जळतं. आत मॅग्नेशियमचा अनोड रॉड असतो, टाकी गंजू नये म्हणून तो स्वतः झिजतो, तो संपला की टाकीचा नंबर. वर्षाला एकदा उघडून साफ करणं आणि रॉड बघणं हे काम तुम्ही अख्ख्या विंगला एका आठवड्यात करून देऊ शकता, हिवाळ्याच्या आधी, दिवाळीनंतर लगेच. फक्त आधी वॉरंटी विचारा. वॉरंटीत असेल तर सांगा की कंपनीला फोन करा, मी उघडला तर तुमची वॉरंटी अडचणीत येईल. त्या दिवशीचं काम जाईल पण ते घर तुमचं झालं.

पाइपचं पण एक बोलून ठेवतो. गरम लाइनला सीपीव्हीसीच, म्हणजे गरम पाणी सहन करणारा प्लास्टिकचा पाइप, पांढरा यूपीव्हीसी फक्त थंडला, आणि ज्याचं जोड चिकटवायचं सोल्युशन त्यालाच, सीपीव्हीसीला यूपीव्हीसीचं सोल्युशन लावून वेळ मारून न्यायची नाही. सोल्युशन लावल्यावर डब्यावर लिहिलेला वेळ जाऊ द्या, मगच पाणी सोडा. नवीन टॉवरमध्ये सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या पोकळ ब्लॉकच्या भिंती असतात आणि २५ लिटरचा भरलेला गिझर ३५ किलोच्या आसपास जातो, साधा फास्टनर त्यात धरत नाही, लांब नायलॉनचे किंवा आरपार बोल्ट लागतात. आणि जिथे भिंतीच कॉंक्रीटच्या आहेत तिथे पाइप लपवायला खाचा मारायच्या नाहीत, आत सळई असते, गिऱ्हाईक रुसलं तरी नाही म्हणा.

लीकेज शोधणारा माणूस व्हा

वरच्या बाथरूमचं पाणी खालच्या छताला, हे भांडण प्रत्येक सोसायटीत आहे, नेरुळ-वाशीच्या जुन्या सिडकोच्या बिल्डिंगांत तर विचारूच नका. इथे लोकांना फोडणारा माणूस सहज मिळतो, शोधणारा मिळत नाही. शोधायची पद्धत अशी. वरच्या फ्लॅटच्या एका नळावर गेज लावा, बाकी सगळे नळ बंद, मग डक्टमधला त्या बाथरूमचा वॉल्व्ह बंद करा आणि गेजचा आकडा वहीत लिहा. अर्ध्या-पाऊण तासात आकडा उतरला तर भिंतीतली पाण्याची लाइन गळतेय, पण आधी फ्लश टँक आणि टपकणारे नळ आपापल्या कॉकने बंद केलेत ना ते बघा नाहीतर फसाल. आकडा जागेवर राहिला तर संशय नाहणी ट्रॅप (जाळीखालचं पाणी जायचं भांडं), संडासाचा जोड किंवा वॉटरप्रूफिंगवर. मग नाहणीचं तोंड फडकं आणि प्लास्टिकने घट्ट बंद करून जमिनीवर इंचभर पाणी साठवा, त्यात कपड्याला घालतात ती नीळ टाका आणि दुसऱ्या दिवशी खालच्या छताला निळा डाग दिसतो का बघा. दिसला तर लादीखालचं वॉटरप्रूफिंग. नाही दिसला तर नाहणी उघडून परत निळं पाणी सोडा, आता आलं तर ट्रॅप किंवा त्याच्या पुढचा पाइप.

या तपासणीची फी वेगळी घ्या आणि आधी सांगून घ्या, कारण यात तुमचे दोन दिवस जातात. फोटो काढा, काय केलं आणि काय दिसलं ते एका कागदावर साध्या मराठीत लिहून दोन्ही फ्लॅटना आणि सेक्रेटरीला द्या. उपविधींप्रमाणे कॉमन लाइन आणि गच्चीचं लीकेज सोसायटीच्या खर्चाचं, आणि मेंबरच्या संडास-बाथरूम-सिंकमधलं मेंबरच्या खर्चाचं, त्यामुळे लीकेज नेमकं कुठून हे कळलं की कोण पैसे देणार हे पण कळतं. तुम्ही कोणाची बाजू घ्यायची नाही, जे दिसलं ते लिहायचं. अशी दोन भांडणं नीट सुटली की कमिटी तुम्हाला नावाने ओळखते.

गिऱ्हाईक

पहिलं दार सोसायटी ऑफिसचं. मॅनेजरला किंवा सेक्रेटरीला भेटा, आधार आणि पॅनची झेरॉक्स द्या, गेटच्या ॲपमध्ये नाव टाकून घ्या म्हणजे रोज एंट्रीला अडकणार नाही. भेटायला जाताना काम मागू नका, डक्टचे वॉल्व्ह बघून देतो म्हणा, कुठला वॉल्व्ह कुठल्या लाइनचा याचे टॅग लावून देतो म्हणा. अर्धा दिवस जाईल, पैसे मिळणार नाहीत, पण त्या अर्ध्या दिवसात तुम्हाला अख्खी बिल्डिंग समजते. वॉचमनशी नीट वागा, रात्री अकराला पाइप फुटला की पहिला फोन इंटरकॉमवर त्यालाच जातो. त्याला दर कामामागे कमिशन देत बसणं मला पटत नाही कारण ते शेवटी गिऱ्हाईकाच्या बिलात जातं, पण सणाला आठवण ठेवा, त्याच्या घरचा नळ गळत असला तर करून द्या.

दुसरं, तुमच्या भागातलं हार्डवेअरचं दुकान. लोक नळ घ्यायला येतात आणि तिथेच विचारतात की बसवायला कोणी आहे का. मटेरियल कायम एकाच दुकानातून घ्या, उधारी वेळेवर द्या. हत्यारं मात्र मोठी असतील तर मशीद बंदरजवळच्या नागदेवीला जाऊन घ्या, तिथे चार दुकानं फिरून बघता येतं, आणि ब्रेकरसारखं कधीतरी लागणारं मशीन विकत घेऊ नका, भाड्याने आणा.

तिसरे भाड्याचे ब्रोकर, यांच्याकडे फार कमी प्लंबर जातात. अकरा महिन्यांचं ॲग्रिमेंट संपलं की फ्लॅट रिकामा होतो, मालक पुण्याला नाहीतर परदेशात असतो, आणि नवीन भाडेकरू यायच्या आधी नळ, फ्लश, गिझर बघून द्यायला भरवशाचा माणूस लागतो. व्हिडिओ काढून मालकाला पाठवा, बिल पाठवा, यूपीआयवर पैसे येतात. अशा मालकांचे सहसा दोन-तीन फ्लॅट असतात.

गुगलवर बिझनेस प्रोफाइल फुकट बनतं, ते बनवा, भागाचं नाव नीट टाका आणि खरी कामं केलेल्यांनाच रिव्ह्यू लिहायला सांगा. प्रत्येक गिझरवर आणि किचन सिंकखालच्या दारावर आतून छोटा स्टिकर लावा, नाव, नंबर, सर्व्हिसची तारीख. बाहेरून लावू नका, लोकांना घरात जाहिरात आवडत नाही. घरपोच सर्व्हिसच्या ॲपवर सुरुवातीचे महिने काम भरायला जायला हरकत नाही, बोलण्याची आणि वेळ पाळण्याची शिस्त लागते, पण तिथलं गिऱ्हाईक ॲपचं असतं, तुमचं नाही, आणि लांब लांब जावं लागतं, म्हणून त्यावर धंदा उभा करू नका. जुन्या ठेकेदाराची चालू गिऱ्हाइकं पळवू नका. त्याच्याकडे मोठं काम आलं की तो तुम्हालाच सबलेटला बोलवेल.

एक वही ठेवा, मोबाइलमध्ये नको, वहीच, प्रत्येक बिल्डिंगला चार पानं. फ्लॅट नंबर, काय केलं, कुठला पार्ट, किती पैसे, डक्टमध्ये काय दिसलं. वर्षभरात ती वही सगळ्यात महागडं हत्यार होते.

पैशाचं बोलणं

फोनवर रेट सांगू नका, व्हिजिटचा सांगा, आणि काम दिलं तर व्हिजिट त्यात वळती होईल म्हणा. मजुरी आणि मटेरियल कायम वेगळं दाखवा, दुकानाचं बिल जोडा. दुकानदार कारागिराला जी सूट देतो ती ठेवायची असेल तर ठेवा पण बिलावरचा आकडा वाढवून घेऊ नका, आज ना उद्या गिऱ्हाईक त्याच दुकानात जाऊन भाव विचारतं. मोठ्या कामाला मटेरियलचे पैसे आधी घ्या, आणि बघून आल्यावर व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा, असं काहीतरी:

«नमस्कार काका, आज बघितलेल्या कामाबद्दल. बाथरूमचा जुना १५ लिटरचा गिझर काढून तुम्ही आणलेला नवीन बसवणे, दोन नवीन कनेक्शन पाइप, एक अँगल कॉक. मजुरी इतकी. मटेरियल दुकानाच्या बिलाप्रमाणे. भिंत सिपोरेक्सची आहे म्हणून लांब फास्टनर लागतील ते बिलात येतील. वायरिंग किंवा प्लग बदलावा लागला तर वायरमनचे वेगळे. लादी फुटली तर लादीचं काम यात नाही. उद्या ११ ला येतो, दीड तास पाणी बंद राहील. महिन्याभरात जोडातून गळलं तर येऊन फुकट करून देईन.»

निम्मी भांडणं या एका मेसेजने वाचतात, कारण काय नाही हे आधीच लिहिलेलं असतं.

कागदपत्रं

उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, सरकारी साइटवर आधार-पॅनवर फुकट होतं, सायबरवाल्याला हजार रुपये देऊ नका. गुमास्त्याचं, म्हणजे दुकान-आस्थापनेच्या नोंदणीचं, थोडीच माणसं असली तर ऑनलाइन कळवलं की झालं. स्वतःचा धंदा म्हटल्यावर व्यवसाय कर लागतो, वर्षाला २,५०० रुपये. जीएसटी वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली तर, तोपर्यंत नाही. आयटीआर मात्र पहिल्या वर्षापासून भरा, छोट्या धंद्याला अनुमानित पद्धतीत बँकेतून आलेल्या रकमेवर ६ टक्के आणि रोखीवर ८ टक्के नफा धरून भरता येतो, आणि पुढे छोट्या धंद्यासाठीच्या सरकारी योजनेतलं मुद्रा लोन किंवा घराचं लोन मागायला गेलात की बँक आधी तेच मागते. मुद्रामध्ये शिशू गटात ५० हजारांपर्यंत तारण न देता मिळतं, हत्यारं आणि जुनी स्कूटर एवढ्याला पुरतं. पीएम विश्वकर्मा या कारागिरांच्या सरकारी योजनेच्या १८ व्यवसायांत गवंडी आहे, प्लंबर नाही, त्यामुळे त्यात नाव घालून देतो म्हणणाऱ्या एजंटला पैसे देऊ नका.

महापालिकेचा प्लंबर परवाना हा वेगळा विषय. घरातली दुरुस्ती करायला तो कोणी विचारत नाही, पण पालिकेच्या लाइनवरून नवीन कनेक्शन घ्यायचं असेल तर परवानाधारक प्लंबरच लागतो. ज्या महापालिकेत काम, तिचाच परवाना, ठाण्याचा नवी मुंबईत चालत नाही, आणि खारघर-कामोठे-कळंबोली नवी मुंबई महापालिकेत येत नाहीत, ती पनवेल महापालिकेत आहेत. पाणीपुरवठा विभागात जाऊन अट काय ते विचारून या आणि जमत असेल तर काढाच, सोसायटीची मोठी कामं त्यानेच मिळतात.

ही कामं घ्यायची नाहीत

पाइप गॅसच्या लाइनला हात लावायचा नाही, ओटा सरकवायचाय म्हणून दोन फूट लाइन वळवून द्या म्हणतील, गॅस कंपनीच्या माणसालाच बोलवायला सांगा. बंद बाथरूममध्ये गॅस गिझर बसवायचा नाही, त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नसतो, आणि दार लावून आंघोळ करणारं माणूस आतच पडतं. गॅस गिझर बाहेर मोकळ्या हवेतच, नाहीतर इलेक्ट्रिक घ्या म्हणावं.

आणि ड्रेनेजच्या चेंबरमध्ये किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरायचं नाही. स्वतः नाही आणि हेल्परलाही उतरवायचं नाही. २०१३ च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांशिवाय असं माणसाला उतरवणं गुन्हा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी आतला गॅस दोन श्वासांत माणूस पाडतो, मग वाचवायला उतरलेला दुसराही जातो. कमिटी म्हणेल पाच मिनिटांचं काम आहे, मशीनवाल्याचा नंबर द्या आणि निघा.

स्वतःचं सुरू केलं की पीएफ नाही, ईएसआय नाही, त्यामुळे निदान प्रधानमंत्री सुरक्षा विमा तरी बँकेतून सुरू करा, वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा आहे, आणि ई-श्रममध्ये, म्हणजे असंघटित कामगारांच्या सरकारी नोंदीत, नाव नोंदवा. नोकरी सोडताना तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला असू द्या, कारण पावसाळ्यात लीकेजची आणि थंडीत गिझरची कामं ढीगभर येतात पण मधले काही आठवडे अगदी रिकामे जातात. त्या रिकाम्या आठवड्यांत बिल्डिंगांच्या वर्षाच्या कराराचं बोलून घ्या, टाकीचे फ्लोट वॉल्व्ह, पंपरूमचे एनआरव्ही (पाणी उलटं जाऊ न देणारे वॉल्व्ह), डक्टमधले गळके जोड, ठरलेल्या दिवशी महिन्यातून एक फेरी. दोन सोसायट्यांचा असा करार झाला की पहिला हेल्पर ठेवता येतो, आणि त्याचा विमा पहिल्याच पगाराच्या दिवशी तुम्ही त्याच्यासोबत बँकेत जाऊन काढून द्या.